टेलिफोनचा कागद

४ मार्च, मंगळवार

"हा टेलिफोन कुणाचाच नाही, काइसू, म्हणून तो आपला आहे."

मी सात वर्षांची असताना बाबा हे म्हणाले होते. ते रान्तावेसी गावच्या टेलिफोन सोसायटीचे वायरमन होते. खांबावरून उतरले की त्यांच्या मिशांना बर्फ लागलेला असे आणि मी तो बोटानं काढत असे. आज इतक्या वर्षांनी ते वाक्य का आठवलं, सांगता येणार नाही. संध्याकाळी टपाल उघडलं, लिफाफ्यावर 'तुइके' हे नाव वाचलं आणि ते आपसूक कानात आलं.

तुइके ही तक्रारदार कंपनी. जमिनीखालच्या पाइपांमधली गळती ऐकणारी यंत्रं बनवते. वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी आमच्या मंडळाकडे येतात. आम्ही अकराजण, काही पत्रकार आणि बाकी माझ्यासारखे साधे वाचक. या वेळची तक्रार ओस्मो राउतासालो यांच्याविरुद्ध आहे. अर्थसाप्ताहिकात ते सव्वीस वर्षं सदर लिहितात. चौदा महिन्यांत त्यांनी तुइकेवर सात लेख लिहिले, सातही वाईट, आणि तेवढ्या काळात कंपनीचा शेअर निम्म्याच्या खाली आला. कंपनीचं म्हणणं, हे लिखाण नव्हे, पाठलाग आहे. आम्ही ताशेरा ओढला तर साप्ताहिकाला तो पहिल्या पानाजवळ छापावा लागतो. राउतासालो एकसष्ट वर्षांचे आहेत. या वयात ताशेरा बसला तर सदर बहुधा जाईल.

सोबत नेहमीचा फॉर्म होता. पक्षकारांशी नातं? नोकरी? कंपनीचे शेअर? नाही, नाही, नाही. आयुष्यात मी एक शेअर विकत घेतलेला नाही. बँकेचं पत्र दोन ओळींच्या पुढे वाचलं की मला जांभई येते.

दवाखान्यात आज साय भरलेले गोड पाव होते. दोन खाल्ले.

९ मार्च, रविवार

आईकडे गेले होते. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्यांच्या खुर्चीवर आम्ही दोघीही बसत नाही. त्यांची मिळकतही अजून तशीच आहे, दोघींची मिळून, न वाटलेली. आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं. वाटणी करायची म्हणजे माणूस गेला हे दुसऱ्यांदा मान्य करायचं.

आईनं खिडकीत टोमॅटोची रोपं लावली आहेत. छान करड्या पेट्या, कडेला हिरवी रेघ.

"या कुठून आणल्यास?"

"आर्रेनं दिल्या. पाणीपुरवठ्याच्या शेडमध्ये छतापर्यंत रचल्यात म्हणे. आत कसलंसं यंत्र होतं, ते काढून ठेवलंय त्यानं. पेटी बघ ना! पाणी साचत नाही, टोमॅटोला हेच लागतं."

आर्रे म्हणजे शेजारचे काका, गावच्या पाणीपुरवठ्यावर असतात. दोन वर्षांत निवृत्त होतील. मी रोपांना पाणी घातलं.

आई कुरकुरत होती. यंदा टेलिफोनच्या सभेला बस नाही म्हणे. दर वसंतात गावातून बस भरून जाते, तिथे कॉफी आणि सॅमन घातलेला पाव मिळतो, येताना बसमध्ये गाणी. "पत्र येतं अजून," आई म्हणाली, "पण आता त्यात टेलिफोनचा शब्दसुद्धा नसतो. नुसते रंगीत आकडे." पत्र तिनं बिस्किटांच्या डब्यात टाकलं, बाबांच्या पक्कडीशेजारी. ती सोसायटी अजून सभा भरवते याचं मला कौतुक वाटलं. म्हातारी माणसं एकमेकांना धरून आहेत.

१२ मार्च, बुधवार

सातही लेख वाचले. मला वाटलं होतं माणूस चिडका असेल. तसा नाही. तिसऱ्या लेखात त्यांनी लिहिलंय: "कंपनी म्हणते, चाळीस हजार यंत्रं विकली. ही यंत्रं गळती असो वा नसो, रोज निरोप पाठवतात. मी निरोप मोजले. नऊ हजार यंत्रं बोलतात. बाकीची कुठे गप्प बसली आहेत?"

हे वाचून मी थांबले. माझं कामच ते आहे. यंत्र दिलं म्हणजे माणसाला ऐकू आलं असं होत नाही. माझ्या कितीतरी पेशंटांची श्रवणयंत्रं टेबलाच्या खणात पडलेली असतात आणि सरकारदप्तरी ती माणसं बरी झालेली असतात.

पण सात लेख? पाचव्यात नवीन काहीच नाही, सहाव्यात तर थोडी मजा घेतल्यासारखी वाटते. शिवाय एक गोष्ट टोचली. त्यांची मुलगी तुइकेच्या स्पर्धक कंपनीत आहे आणि ते त्यांनी वाचकांना एकदाही सांगितलं नाही. मंडळाला दिलेल्या उत्तरात लिहितात: "ती तिथे पाइप मोजते, मी इथे आकडे मोजतो. दोन्ही जोडावं असं मला सुचलंच नाही. हवा तो निकाल द्या. दिलेला निकाल बदला म्हणून मी आजवर कुणाला अर्ज केलेला नाही, पुढेही करणार नाही."

सुचलंच नाही! एवढा आकड्यांचा माणूस.

१९ मार्च, बुधवार

सकाळच्या गाडीनं हेलसिंकीला. बैठक साडेतीन तास चालली.

वेसा पत्रकारांपैकी, नेहमीसारखा खुर्ची मागे झुकवून बसला होता. म्हणाला, "सात लेख लिहिले म्हणून ताशेरा ओढायचा, तर हवामानवाल्यांना आधी धरा. ते रोज त्याच पावसावर लिहितात."

सगळे हसले. मीही. मार्केत्ताबाई आमच्या अध्यक्ष, पूर्वी न्यायाधीश होत्या. त्यांनी चष्मा पुसला. "लेख किती यावर मत नको. कंपनीला उत्तराची जागा मिळाली का? मिळाली, दोनदा. मग उरला मुलीचा प्रश्न."

"मुलगी पाइप मोजते हो," वेसा म्हणाला. "तिच्या पाइपमधून शेअरचा भाव पडत नाही."

मग मी बोलले. मला बोलायचं नव्हतं खरं तर. "ती काय करते हा मुद्दाच नाही. वाचक विश्वासानं वाचतो. माणसाला आपल्या घरात काय आहे हे ठाऊक असायला हवं. आणि ठाऊक नसेल, तर दुसऱ्याच्या घरातलं मोजायला त्यानं जाऊ नये."

वेसानं खुर्ची सरळ केली. "बाप रे, काइसू. तू कान तपासतेस की चामडी सोलतेस?"

मतं झाली. सहा विरुद्ध पाच, ताशेरा. बरोबरी झाली असती तर नियमाप्रमाणे लेखक सुटले असते. म्हणजे माझं मत नसतं तर सुटले असते. परतीच्या गाडीत मी हा हिशेब दोनदा करून पाहिला, आणि मला वाईट वाटलं नाही. माझ्या मनात कुणाचीच बाजू नव्हती.

२३ मार्च, रविवार

एक नोंदवून ठेवते. बैठकीआधी ज्या रात्री फाइल वाचली, तेव्हा शेअर पडल्याचा आलेख पाहून मला खरोखर हळहळ वाटली होती. कंपनीबद्दल. कधी न पाहिलेल्या कंपनीबद्दल. का, ते कळलं नाही. बहुधा तुइके आमच्या भागातली आहे म्हणून असेल.

९ एप्रिल, बुधवार

निकाल छापून आला. खाली आम्हा अकराजणांची नावं, कोणी कुठे मत दिलं तेही. त्याच अंकात चौकट: "ओस्मो राउतासालो यांचं सदर काही काळ प्रसिद्ध होणार नाही." काही काळ म्हणजे किती, ते कुणी लिहीत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

ईस्टरसाठी आईकडे. बसमधून उतरले तर दुकानाच्या पायऱ्यांवरूनच हाका.

"आली गं आली! आपली काइसू!"

दुकानदारीणबाईंनी मेम्मीचा डबा हातात ठेवला आणि पैसे घेईनात. राय धान्याची ती काळी खीर मला आवडत नाही, पण घेतली. रान्तावेसीत कुणी काही फुकट देत नाही. मला वाटलं आईनं माझा वाढदिवस आज आहे असं चुकून सांगितलं असेल.

दुपारी आर्रेकाका आले. टोपी काढून दारातच उभे. हातात स्वतः धुरावलेला मासा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"घे. तुझ्यासाठी."

"अहो काका, कशाला?"

"कशाला म्हणजे? गावाचं काम केलंस. त्या शहाण्याची बोलती बंद केलीस."

"कुणाची?"

"ही बघा," काका आईकडे बघून डोळा मिचकावत म्हणाले, "अजून गुपित पाळतेय. पेपरात नाव आलंय पोरी! आम्ही वाचलंय. एका मतानं! तुझा बाप असता तर खांबावर चढून ओरडला असता."

आम्ही तिघांनी मासा खाल्ला. फार छान होता, जुनिपरच्या लाकडाच्या धुराचा वास. अर्धा संपल्यावर मी विचारलं, "पण काका, राउतासालोंनी गावाचं काय बिघडवलं?"

काकांनी काटा खाली ठेवला. त्यांना वाटलं मी थट्टा करते. "अगं, आपला टेलिफोन खाल्ला की त्यानं. निम्मा."

आई म्हणाली, "टेलिफोनचा कागद गं. घरटी एक होता ना. सोसायटी मोठ्या कंपनीत गेली, ती आणखी मोठ्या कंपनीत, आणि मग तुइके. आता सगळ्यांकडे तुइकेच आहे. तुला माहीत नव्हतं?"

तोंडात घास होता.

आर्रेकाकांना माझा चेहरा दिसला असावा, कारण ते एकदम टोमॅटोंबद्दल बोलू लागले. "पेट्या आणखी हव्यात का? तुइकेनं पाठवल्या सहाशे, गावात पाइप जेमतेम साठ. साहेब म्हणाले, सही करून घ्या, लावायचं नंतर बघू. तीन वर्षं झाली." मग हसून म्हणाले, "पण त्या लेखकाला हे कुणी सांगितलं नाही हो. गाव बोललं नाही."

२० एप्रिल, रविवार

चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं. आई गेल्यावर डबा उघडला.

वर पक्कड. खाली पत्रं, आठ वर्षांची, दर वसंताला एक, सगळी बाबांच्या नावानं, सगळ्यांवर तुइके. आईला यात टेलिफोन दिसतो. त्या सभेला बस भरून जाणाऱ्या सगळ्यांना टेलिफोनच दिसतो. गावात कुणाला विचारलं, तुमच्याकडे शेअर आहेत का, तर ते म्हणतील, छे, शेअर श्रीमंतांकडे असतात, आमच्याकडे टेलिफोनचा कागद आहे. मीही हेच म्हटलं असतं. मीही हेच म्हटलं, फॉर्मवर, पेनानं.

तळाशी बाबा गेल्यावर वकिलानं केलेली मिळकतीची यादी. घर, होडी, गाडी. तिसऱ्या पानावर "तुइके, शेअर ४८०". पानाच्या खाली आईची सही आणि तिच्याशेजारी माझी. अक्षर स्वच्छ आहे. मी रडत नव्हते त्या दिवशी, चांगलं आठवतं. वकिलानं प्रत्येक ओळ वाचून दाखवली होती. मी खिडकीबाहेर बघत होते. बाबांनी लावलेल्या खांबावर एक कावळा बसला होता.

सुचलंच नाही.

मला खरंच ठाऊक नव्हतं का? हे इथे तरी खरं लिहायला हवं. डोक्याला ठाऊक नव्हतं. पण लिफाफ्यावरचं नाव वाचून बाबांचं वाक्य आठवलं, ते कुणाला ठाऊक होतं? आलेख पाहून हळहळलं ते कोण? कान काहीच ऐकत नाही असं माणूस म्हणतो, आणि मी मागून त्याचं नाव घेतलं की मान वळते. रोज बघते मी हे.

आई आली तेव्हा मी रोपांजवळ बसले होते. हिरव्या रेघेखाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव छापलेलं आहे. मार्चमध्येही होतं.

"तू त्या माणसासाठी बसलीयस का अशी?" आईनं विचारलं.

"माझ्यासाठी बसलेय."

"मग कॉफी घे," आई म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "गावाला सांगू नकोस. आर्रेनं मासा दोन दिवस धुरावला होता."

२३ एप्रिल, बुधवार

मार्केत्ताबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. पेट्यांचंही. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, न्यायाधीशाची सवय.

"तुझ्या वाट्याला निम्मे," शेवटी म्हणाल्या. "म्हणजे एक बरी सायकल. सायकलीसाठी कुणी मत विकत नाही, काइसू."

"मी विकलं नाही. पण मी त्या खोलीत बसायला नको होतं."

"नको होतंस. हे खरं." मग म्हणाल्या, "पेट्यांचं मला सांगितलंस, ते मी ऐकलं नाही. खरंखोटं आपण ठरवत नाही. राजीनामा दे, कामाचा व्याप वाढला असं लिही. चांगल्या शब्दांत निरोप देऊ."

"आणि निकाल?"

"निकाल पक्षकारानं अर्ज केला तरच पुन्हा उघडतो. तीस दिवसांत. सभासदाला तो हक्क नाही. मलाही नाही. राउतासालोंनी नऊ मेपर्यंत लिहून मागितलं तर तुझं मत वगळावं लागेल, मग पाच विरुद्ध पाच." मग हळू आवाजात, "पण ते मागणार नाहीत. त्यांचं उत्तर तू वाचलंयस."

वाचलंय. जवळजवळ पाठ आहे.

"बाई, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुझ्या जागी असते तर मला फोन केला नसता," त्या म्हणाल्या. हसल्या की नाही ते कळलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

पाच दिवस घेतले. राजीनामा पाठवला, खरं कारण लिहून. आज जेवणाच्या सुट्टीत राउतासालोंना फोन केला. आवाज वाटला होता त्याहून बारीक, थोडा घोगरा. डाव्या कानानं कमी ऐकू येत असावं, कारण सुरुवातीला रिसीव्हर बदलल्याचा आवाज आला.

नाव सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा. आपल्या घरात काय आहे ते ठाऊक असायला हवं, ती बाई."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वेसा पेल्याला पेला लागला की सगळं सांगतो. वाक्य चांगलं होतं. मी वहीत लिहून ठेवलंय. बोला."

मी बोलले. कागद, यादी, सही. पेट्या सांगताना आर्रेकाकांचं नाव घेतलं नाही. पलीकडे पेन्सिल चालल्याचा आवाज आला आणि मग थांबला.

"सहाशे?" ते म्हणाले. "एका गावात?"

"हो."

पेन्सिल पुन्हा चालू लागली. मला वाटलं आनंद झाला असेल. तसं नव्हतं. म्हणाले, "मी तिथे आलो होतो, गेल्या सप्टेंबरात. तुमच्या दुकानात कॉफी प्यायलो. सगळे फार गोड बोलले. मासे दाखवले, तळं दाखवलं. शेड कुणी दाखवली नाही."

"तुम्ही अर्ज करा," मी म्हटलं. "नऊ तारखेच्या आत. एक ओळ पुरे."

"नाही हो बाई. मी सव्वीस वर्षं कंपन्यांना सांगत आलोय, चूक तुमची असेल तर तुम्हीच सांगा, दुसऱ्यानं दार ठोठावायची वाट बघू नका. आता मीच दार ठोठावू? आणि मुलीचं मी खरंच लिहायला हवं होतं. त्यात तुमचं चुकलं नाही."

"माझं सगळंच चुकलं."

"ते तुमचं तुम्ही बघा." मग जरा मऊ आवाजात, "तरी पाठवायचं तर कागदावर पाठवा. कागदावर नाही म्हणायला मला सोपं जातं."

३ मे, शनिवार

तळ्यावरचा बर्फ गेला. आईचा फोन आला, रोपं बाहेर ठेवायला अजून थंडी आहे म्हणाली. माझ्या राजीनाम्याची बातमी कारणासह पेपरात आली आहे, म्हणजे गावानंही वाचली. दुकानात कुणी काही बोललं नाही म्हणे. आर्रेकाका आले नाहीत. आई मात्र एक वाक्य बोलली, मी अपेक्षा केली नव्हती असं: "डबा मी तुझ्या खोलीत ठेवलाय. पक्कड मला राहू दे."

पत्र चार वेळा लिहिलं. आज पाचवं टाकलं. नक्कल इथे ठेवते.

"श्री. ओस्मो राउतासालो यांस,

मी लहान असताना माझे वडील म्हणाले होते, हा टेलिफोन कुणाचाच नाही म्हणून तो आपला आहे. मला ते वाक्य फार प्रिय होतं. त्यातला 'आपला' हा शब्द मी कधी उलटून पाहिला नाही. आमच्या गावात तो कुणीच पाहिला नाही. म्हणून आमच्याकडून कुणी शेड दाखवली नाही आणि मी फॉर्मवर तीनदा 'नाही' लिहिलं.

मी तुमच्या मुलीचं जे म्हटलं ते मागे घेत नाही. पण ते म्हणण्याची जागा माझी नव्हती. तुमच्यावरचा ताशेरा एका मतावर उभा आहे, आणि ते मत तिथे असायला नको होतं. तो काढायचा हक्क जगात फक्त तुम्हाला आहे. माझ्याजवळ तो असता तर तुम्हाला त्रास दिला नसता.

सोबत मंडळाचा अर्जाचा कागद जोडला आहे. कारणाच्या जागी माझं नाव आणि मिळकतीच्या यादीचं तिसरं पान लावलं आहे. फक्त तुमची सही राहिली आहे. तुम्ही नाही म्हणणार, हे तुम्ही फोनवर सांगितलंच आहे. तरी शुक्रवारपर्यंत पेन हातात घ्या, आणि माझ्यावर उपकार म्हणून नव्हे, मी कोणत्या खोलीत बसले होते ते कुठेतरी लिहिलेलं राहावं म्हणून, सही करा."